माहीत नसण्याची मेहनत

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या अंगवळणी सगळ्यात आधी पडतं ते लॉग वाचणं. कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, किती वेळ रेंगाळलं, काय न मिळाल्यामुळे परत गेलं. पोटापाण्यासाठी मी जे सर्व्हर बघतो तिथे माझी किंमत याच वाचनावर ठरते. काही बिघडलं की पहिला प्रश्न येतो, 'लॉगमध्ये काय दिसतंय?' आणि 'काहीच दिसत नाही' असं उत्तर दिलं तर समोरचा मनातल्या मनात आपल्या नावापुढे फुली मारतो.

टॉर या निनावी जाळ्याचा रिले, म्हणजे त्यातला एक दुवा-सर्व्हर, चालवायला घेतला तेव्हा ही सगळी विद्या उलटी फिरवावी लागली. चौकशी झाली तर सांगण्यासारखं काहीच जवळ नसणं, हे इथे उत्तम सर्व्हरचं लक्षण. टॉर दर सहा तासांनी लॉगमध्ये आपण जिवंत असल्याची एक नोंद टाकतो. किती दिवस चालू आहे, किती सर्किटं, म्हणजे वापरणाऱ्यांचे जाळ्यातले रस्ते, उघडी आहेत, किती गिगाबाइट बाहेर पाठवले, किती आत घेतले. एवढंच. कुठल्या संदेशात एखाद्या वापरकर्त्याचा पत्ता यायची वेळ आलीच, तर त्या जागी 'स्क्रब्ड' असा शब्द छापून टॉर मोकळा होतो. ती नोंद मी पुष्कळदा नुसता बघत बसतो. शेकडो गिगाबाइट माझ्या हातावरून गेले आणि त्यातला एक बाइट कुणाचा होता हे मला सांगता येणार नाही. सांगता येऊ नये म्हणून मी खटपट केलेली आहे. मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवणारे स्वॅप आणि कोअर डंप बंद, फायरवॉलच्या नोंदी बंद. डिबग पातळीचा, म्हणजे बारीकसारीक सगळं टिपणारा, लॉग चालू करायचा मोह एखाद्या अडचणीच्या रात्री होतो, पण तो आवरायचा. जे लिहिलंच नाही ते कुणी मागून नेऊ शकत नाही.

टॉर फक्त नावापुरतं ऐकलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टॉर ब्राउझरमधून एखादी साइट उघडली की मागणी सरळ तिथे जात नाही. स्वयंसेवकांचे सात-आठ हजार सर्व्हर जगभर विखुरलेले आहेत, त्यांपैकी तिघांच्या हातून ती जाते. पहिला गार्ड, दुसरा मिडल, तिसरा एक्झिट. ब्राउझर निघतानाच मजकुराला कूटलेखनाचे तीन थर चढवतो आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एक थर उतरवतो. गार्डला माणसाचा पत्ता कळतो, तो कुठे निघालाय ते कळत नाही. एक्झिटला साइट कळते, मागणी कुणाची ते कळत नाही. मधल्याला दोन्ही बाजूंना दुसरे रिलेच दिसतात. आत वाहणारा जवळजवळ सगळा माल ५१४ बाइटांच्या एकसारख्या पाकिटांत जातो, म्हणजे पाकिटाच्या जाडीवरूनही आत काय आहे त्याचा अंदाज बांधता येऊ नये. दर दहा मिनिटांनी ब्राउझर नव्या कामासाठी नवा रस्ता धरतो. गार्ड मात्र तो महिनोन्‌महिने बदलत नाही. कारण साधं आहे. रोज नवा दरवाजा निवडला, तर कधी ना कधी दरवाजावर वाईट माणूस भेटणारच.

कल्पना मूळची अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, १९९५ च्या सुमाराची. पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग ही तिथली मंडळी. आपल्या माणसांना इंटरनेटवर आपली ओळख न देता वावरता यावं, एवढीच त्यांची गरज. पण त्यात एक गोची होती. फक्त नौदलाची माणसं वापरतात असं निनावी जाळं उभारलं, तर त्यातून बाहेर येणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. लपायला गर्दी लागते आणि ती गर्दी आपल्याच लोकांची असून भागत नाही. म्हणून जाळं सगळ्यांसाठी खुलं करावं लागलं आणि ते चालवणारे हातही एकाच संस्थेचे असून चालले नाहीत. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्युसन यांनी सायव्हरसनबरोबर ज्याला टॉर हे नाव दिलं, ते जाळं ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झालं, मुक्त परवान्याखाली. २००३ संपताना त्यात जेमतेम डझनभर स्वयंसेवी सर्व्हर होते, बहुतेक अमेरिकेत आणि एक जर्मनीत. मला ही हकिकत फार आवडते. हेरांना लपता यावं म्हणून पत्रकाराला, नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बाईला, आजाराबद्दल चोरून वाचणाऱ्या मुलाला आणि नुसत्याच चौकस माणसाला त्याच रांगेत उभं करावं लागलं. उदारपणातून कमी आणि गणितातून जास्त घडलेली समता. गणितातून आलेली असल्यामुळे ती टिकते, असं मला वाटतं.

नवा रिले सुरू केला की पहिला धडा मिळतो तो सबुरीचा. टॉरआरसी नावाच्या फाइलीत दहा-बारा ओळी लिहायच्या. टोपणनाव, पोर्ट म्हणजे जोडणी घेण्याचं दार, संपर्क, किती बँडविड्थ द्यायची, महिन्याला किती खर्चायची. सेवा चालू केली की थोड्या वेळात लॉगमध्ये येतं, तुमचा पोर्ट बाहेरून पोहोचण्यासारखा आहे, उत्तम. हे 'उत्तम' टॉरच्या संदेशातच आहे, माझ्या पदरचं नाही. त्यानंतर काहीच घडत नाही. पुष्कळ नवखे इथेच हिरमुसतात. एवढी दणदणीत लाइन दिली आणि वाहतूक ठिबकतेय!

डिंगलडाइन यांनी २०१३ मध्ये नव्या रिलेच्या या बाळपणाचा हिशेब नीट मांडला होता. पहिले तीन दिवस जाळ्याने तुम्हाला मोजलेलंच नसतं, म्हणून तुमचं वजन २० किलोबाइट प्रतिसेकंदाच्या आत दाबून ठेवतात. मग मोजणारे सर्व्हर तुमच्यातून माल पाठवून वेग तपासू लागतात. आठव्या दिवसाच्या आसपास गार्डचा शिक्का मिळू शकतो, आणि शिक्का मिळाल्यावर वाहतूक चक्क घसरते. कारण जाळं धरून चालतं की आता तुमच्याकडे पहिल्या पायरीची गिऱ्हाइकं येतील, तेव्हा मधल्या पायरीसाठी तुम्हाला कमी निवडा. ती गिऱ्हाइकं तर आपले जुने गार्ड महिनोन्‌महिने सोडत नाहीत. अडुसष्टाव्या दिवसाच्या सुमारास कुठे गाडी समेवर येते. मोजणी दुसऱ्यांनी करायची हेही मागच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. रिलेने सांगितलेला वेग खरा धरला, तर थापाड्या रिलेकडे सगळ्यात जास्त लोक जाणार.

तुम्ही आहात की नाही हे ठरवायला डिरेक्टरी अथॉरिटी म्हणून मोजून नऊ सर्व्हर आहेत. दर तासाला ते मत देतात आणि बहुमताने एक यादी सहीनिशी प्रसिद्ध करतात. कुठले रिले चालू, कुणाला कुठला शिक्का, कुणाचं वजन किती. जगातला प्रत्येक टॉर ब्राउझर ही यादी उतरवून घेतो. म्हणजे निनावीपणाचं हे जाळं ज्या कागदावर उभं आहे तो कागद पूर्ण जाहीर आहे. माझ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, तो कुठल्या कंपनीच्या जाळ्यात आहे, कुठली आवृत्ती चालवतो, मी दिलेला ईमेल, हे सारं कुणीही बघावं. यादीचे जुने अंकसुद्धा जपून ठेवलेले आहेत.

वापरणारा लपून राहावा म्हणून चालवणाऱ्याने उजेडात उभं राहायचं, असा हा सौदा आहे. सुरुवातीला मला वाटलं होतं, आपणही या जाळ्यात टोपणनावाआड सुखाने राहू. नियम तसं करूही देतात. संपर्काची ओळ रिकामी ठेवता येते. पण जसजसा यात मुरत गेलो तसतसं कळत गेलं, की ज्या रिलेमागे कुणी माणूस सापडत नाही त्याच्याकडे बाकीचे चालक साशंक नजरेने पाहतात, आणि त्यांचं चुकत नाही. एकाच माणसाकडे गार्डही असेल आणि एक्झिटही, तर दोन्ही टोकांची वेळ आणि माप जुळवून तो ओळखू शकतो की या टोकाचा माणूस त्या टोकाची साइट बघतोय. मधलं कूटलेखन कितीही पक्कं असो, टॉरकडे या हल्ल्यावर पुरतं उत्तर नाही आणि टॉर बनवणाऱ्यांनी ते कधी लपवलंही नाही. म्हणून दोन गोष्टी करतात. एका सर्किटात आयपी पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेले दोन रिले कधीच घेत नाहीत. आणि चालकाने आपले सगळे रिले 'हे एकाच कुटुंबातले' म्हणून जाहीर करायचे असतात, म्हणजे ब्राउझर त्यातले दोन एका रस्त्यात घेत नाही.

यातली मेख लक्षात घ्या. प्रामाणिक माणूस कुटुंब जाहीर करतो. ज्याला टोकं जुळवायची आहेत तो करत नाही. ३० जानेवारी २०१४ पासून ४ जुलैला हाकलले जाईपर्यंत ११५ रिलेंचा एक जथा जाळ्यात होता. ते सगळे दोन पत्ता-गटांतले, वेगवान आणि दिसायला सोज्वळ. ऑनियन सेवा, म्हणजे फक्त टॉरच्या आतच उघडणाऱ्या साइट, वापरणाऱ्यांना हुडकण्यासाठी ते संदेशांत खुणा पेरत होते. २०२० च्या मे महिन्यात एका अज्ञात चालकाकडे एक्झिट क्षमतेच्या २३ टक्क्यांहून जास्त वाटा गेला होता. तो साध्या, म्हणजे कूटलेखन नसलेल्या, एचटीटीपीने येणाऱ्या लोकांना सुरक्षित जोडणीवर जाऊच देत नसे आणि बिटकॉइनचे पत्ते बदलून पैसे आपल्याकडे वळवत असे. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण दुसऱ्या कुणासाठी असेल. इथे धड नावही नव्हतं. असं प्रकरण उघडं झालं की चालकांमध्ये तोच वाद पेटतो. रिले चालवणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी का? घेतली, तर ज्या देशांत हे काम करणं धोक्याचं आहे तिथले सच्चे लोक बाहेर पडतील. न घेतली, तर पैसेवाला चोर आत येतच राहील. माझं मत मी स्वतःपुरतं ठरवलंय. ज्याला नाव देणं परवडतं त्याने द्यावं. मला परवडतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी थोडी संशयाची जागा शिल्लक राहावी, इतपत आपल्यासारख्यांनी उघड राहावं.

एक्झिटचा विषय निघाला की लोक दबक्या आवाजात बोलू लागतात. मिडल किंवा गार्ड चालवणं हे पुष्कळसं निरुपद्रवी काम आहे. तुमच्या सर्व्हरमधून जे जातं ते कुणाला तुमच्याकडून आलेलं दिसत नाही. एक्झिटचं तसं नाही. शेवटच्या साइटला दिसतो तो एक्झिटचा पत्ता. तिथे कुणी शिवीगाळ केली, कुणी लॉगिन फोडायचा प्रयत्न केला, कुणी चोरून सिनेमा उतरवला, तर जगाच्या लेखी ते तुम्ही केलेलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाचा ईमेल यादीत जाहीर.

त्यामुळे जाणते लोक पहिलं सांगतात ते हे की एक्झिट घरच्या लाइनवर कधीही चालवू नका. वेगळा सर्व्हर, वेगळा आयपी, ज्यावर आपलं दुसरं काहीही चालत नाही. त्या पत्त्याचं उलटं डीएनएस नाव, म्हणजे आयपीवरून शोधल्यावर दिसणारं नाव, असं ठेवायचं की वाचणाऱ्याला 'टॉर एक्झिट' हे शब्द ढळढळीत दिसावेत. पोर्ट ८० वर, म्हणजे वेबसाइटच्या नेहमीच्या दारावर, एक पान लावायचं, की हा काय प्रकार आहे, आमच्याकडे कसलीही नोंद नसते आणि तक्रार असेल तर इथे लिहा. टॉर स्वतःहून काही पोर्ट बंदच ठेवतो. २५ नंबरचा, म्हणजे थेट ईमेल पाठवण्याचा, त्यातला पहिला. नाहीतर जगभरचा स्पॅम आपल्या दारातून निघाला असता. याहून आखडती एक ठरावीक यादीही मिळते, मोजकेच पोर्ट उघडी ठेवणारी. ती वापरली की तक्रारी पुष्कळ कमी होतात.

तरी येतातच. तक्रारपत्रांचा एक वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. त्यातली बहुतेक माणसाने लिहिलेली नसतात. कुठल्यातरी सर्व्हरवर पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला, की तिथली प्रणाली आपोआप होस्टिंग कंपनीला पत्र धाडते. होस्टिंग कंपनीची प्रणाली ते आपोआप मला धाडते आणि वर २४ तासांत उत्तर मागते. दोन यंत्रांच्या संभाषणात मी एकटाच हाडामांसाचा, म्हणून रागावतोही मीच. उत्तर ठरलेलं आहे. हा टॉरचा एक्झिट आहे, मूळ माणूस कोण ते आम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक होऊही शकत नाही. तुम्हाला टॉर नको असेल तर एक्झिटांची यादी जाहीर आहे, ती अडवा. अमुक दिवशी हा पत्ता टॉरचा रिले होता का, हे तपासायला एक्झोनरेटर नावाची सोय आहे, तिचा दुवा सोबत. ठरलेलं असलं तरी मी ते दर वेळी थोडं बदलून लिहितो. पलीकडे कधीतरी माणूस असतो. एका शाळेच्या सर्व्हर सांभाळणाऱ्याने एकदा उलट विचारलं होतं, 'मग तुम्ही हे करताच कशाला?' प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. त्याला मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि त्याच्या सर्व्हरवर पासवर्डऐवजी कीने, म्हणजे कूटलेखनाच्या किल्लीने, लॉगिन कसं लावायचं तेही कळवलं. आमचं मतांतर मिटलं नाही, त्याचा सर्व्हर मात्र सुधारला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या तक्रारयंत्रणेचाच कुणीतरी शस्त्रासारखा वापर केला. टॉरच्या सर्व्हरांचे पत्ते 'प्रेषक' म्हणून खोटे लिहून त्या कुणीतरी हजारो ठिकाणी जोडणीची पहिली पाकिटं पाठवली. पोर्ट चाचपणारे हे सर्व्हर टॉरचेच, असं प्रत्येक ठिकाणच्या पहारेकरी प्रणालीला वाटलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. ज्यांनी जन्मात एक्झिट चालवला नाही असे मिडलवालेही त्यात भिजले आणि काहींचे सर्व्हर होस्टिंग कंपन्यांनी बंदही केले. ७ नोव्हेंबरला त्या खोट्या पाकिटांचा उगम सापडला आणि ती थांबली. जाळ्यातली एक तारही न तोडता, फक्त कारकुनी यंत्रांच्या भोळेपणावर विसंबून केलेला हल्ला. करणाऱ्याची अक्कल मान्य करावी लागते.

पोलिसांचं म्हणाल तर दोन प्रसंग मला कायम आठवतात. दिमित्री बोगातोव हा मॉस्कोतला गणिताचा शिक्षक, एक्झिट चालवायचा. त्याच्या पत्त्यावरून चिथावणीखोर मजकूर टाकला गेला म्हणून एप्रिल २०१७ मध्ये त्याला पकडलं. काही महिने कोठडी, मग नजरकैद, आणि २०१८ मध्ये आरोप मागे घेतले. दुसरा प्रसंग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाचा. २०१५ च्या जुलैत त्यांनी टॉरचा मिडल रिले लावला. अंतर्गत सुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांपर्यंत खबर गेली आणि ग्रंथालयाने तो थांबवला. सप्टेंबरमध्ये विश्वस्तांची बैठक झाली, गावकरी येऊन बोलले आणि रिले पुन्हा सुरू झाला. एकीकडे एकटा माणूस, दुसरीकडे संस्था आणि तिच्यामागे उभं राहिलेलं गाव. एक्झिट चालवणाऱ्यांनी जागोजागी नोंदणीकृत संस्था का काढल्या, ते यावरून कळतं. फ्रान्समध्ये नोज ओनियाँ, सिअॅटलमध्ये एमराल्ड अनियन, ऑस्ट्रियात फाउंडेशन फॉर अप्लाइड प्रायव्हसी. तक्रार एका माणसाच्या दारात येऊन पडण्यापेक्षा संस्थेच्या टेबलावर पडलेली बरी.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. तुझ्या सर्व्हरमधून घाणही जात असेल ना? जात असणार. मला ती दिसत नाही म्हणून ती नाही, असं मी म्हणणार नाही. कानांवर हात ठेवून हात वर करता येत नाहीत. मी एवढंच म्हणू शकतो की ज्याला गुन्हाच करायचाय त्याच्याकडे चोरलेले संगणक, चोरलेली खाती, भाड्याची यंत्रं असे दहा रस्ते असतात. ज्याला आपल्याच सरकारने अडवलेली बातमी वाचायची आहे त्याच्याकडे नसतात. या उत्तराने माझं पूर्ण समाधान होत नाही, आणि ज्याचं पूर्ण समाधान झालंय असा एक्झिटवाला मला भेटला तर मी त्याच्यापासून जरा लांबच बसेन.

बघायची सोय नसते असंही नाही. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने पाच एक्झिट चालवून, कूटलेखनाशिवाय जाणारा मजकूर वाचून दूतावासांच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड मिळवले आणि जाहीर केले. टॉरमुळे आपण लपतो म्हणजे आपला मजकूरही लपतो, असं वापरणारे समजून बसले होते. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर गेल्यामुळे एक्झिटच्या हाती तेवढं लागत नाही, पण कुठली साइट ते लागतंच. शिवाय ते नाव आयपी पत्त्यात बदलायला एक्झिट डीएनएसला विचारतो. कुणाला विचारतो, हेही चालकाच्या हातात असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की टॉरमधून बाहेर पडणाऱ्या डीएनएस चौकशांपैकी जवळपास ४० टक्के एकट्या गूगलच्या सर्व्हरला दिसत होत्या. कुणाचा वाईट हेतू नव्हता, चालकांनी सवयीने ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता लिहून टाकला होता. तेव्हापासून एक्झिटवर स्वतःचा अनबाउंड, म्हणजे डीएनएसची चौकशी स्वतःच करणारा प्रोग्रॅम, लावायचा, हा सल्ला सगळीकडे ठळक अक्षरांत सापडतो. मी मिटलेल्या डोळ्यांना काय अर्थ, जर माझ्या आळसाने तिसऱ्याच कुणाचे उघडे राहिले तर? होस्टिंग कंपनीचे राउटरही कुठून कुठे किती वाहतूक गेली त्याच्या नोंदी ठेवतात, त्यांवर माझा काहीच ताबा नाही. त्या नोंदी पुसट व्हाव्यात म्हणून २०१७ पासून टॉर वापरकर्ता आणि गार्ड यांच्यातल्या निवांत जोडणीवर अधूनमधून पोकळ पाकिटं सोडतो. माहीत नसणं एकट्याच्या सद्भावनेने साधत नाही. ते बांधावं लागतं आणि त्याच्या फटी दुसऱ्यांनी शोधून दाखवाव्या लागतात.

ब्रिजचं थोडं वेगळं. यादी जाहीर म्हणजे अडवणाऱ्या सरकारांनाही ती मिळालीच. म्हणून काही रिले यादीबाहेर ठेवतात आणि गरजूंना मोजकेच पत्ते देतात, तेच ब्रिज. चीनने त्यावर शोधपथकं सोडली, संशयास्पद जोडणी दिसली की स्वतःच जाऊन दार वाजवून बघणारी. मग ऑब्स-फोर नावाचं जोडणीचं वेषांतर आलं, जे परवलीचा शब्द नसलेल्याला दारच दाखवत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमध्ये निदर्शनं पेटली, तेव्हा हजारो लोकांनी स्नोफ्लेक नावाचं एक्स्टेंशन आपल्या रोजच्या ब्राउझरमध्ये लावलं. त्यात सर्व्हर लागत नाही, टॉरआरसी लागत नाही, तक्रारी येत नाहीत. ब्राउझर उघडा असेपर्यंत तुम्ही कुणाचा तरी दरवाजा असता. माझ्या मते सुरुवात करायला याहून सोपी आणि सज्जन जागा नाही.

बाकी देखभाल म्हणजे रोजचंच दळण. कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, अद्ययावत आवृत्ती आली की रिबूट, रिबूट केलं की स्थिरतेचा शिक्का डळमळतो, म्हणून कधी करायचं याचा हिशेब. हजारो रिलेंशी एकाच वेळी जोडण्या असल्याने फाइल डिस्क्रिप्टरची, म्हणजे एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या जोडण्यांची, मर्यादा वाढवून ठेवायची. घड्याळ चुकू द्यायचं नाही, कारण यादी तासाच्या हिशेबाने चालते. जुनी आवृत्ती फार काळ ठेवली तर अथॉरिटी सरळ बाहेर काढतात. एप्रिल २०१४ मध्ये कूटलेखनाच्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरातली हार्टब्लीडची भेग उघडकीस आली तेव्हा कित्येकांना वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या कीज फेकून देऊन नव्या रिलेसारखं पहिल्या दिवसापासून उभं राहावं लागलं, आणि ज्यांनी डागडुजीच केली नाही अशा शेकडोंना यादीतून काढलं. आता मुख्य की सर्व्हरबाहेर ठेवता येते आणि तिच्यावरून ठरावीक मुदतीच्या कीज काढून देता येतात. या सगळ्याचा मोबदला? दोन महिने ठरावीक सरासरी वेगाने वाहतूक वाहिली, की टॉरमागची संस्था टॉर प्रोजेक्ट टी-शर्ट देते. मी तो मागितलेला नाही. ज्या कामाचं सगळं सार न दिसण्यात आहे ते छातीवर लिहून फिरायचं, याची मला गंमत वाटते. मागितला असता तर घातलाही असता कदाचित.

सध्या मला जास्त सतावतेय ती वेगळीच गोष्ट. स्वस्त आणि टॉरला हरकत न घेणाऱ्या होस्टिंग कंपन्या थोड्याच. साहजिकच सगळे तिथेच गोळा होतात आणि वाहतुकीचा मोठा हिस्सा जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांतल्या मोजक्या कंपन्यांच्या जाळ्यांतून जातो. चालक वेगळे, कुटुंबं वेगळी, पण खालची जमीन एकाच मालकाची. तो मालक मनात आणील तर वरून दोन्ही टोकं बघू शकतो. माझेही सर्व्हर अशाच गर्दीच्या ठिकाणी आहेत, म्हणून त्यातला एक हलवायचं ठरवलं. बंद करताना रिले आधी नवी सर्किटं घेणं थांबवतो आणि असलेल्यांना आवरायला तीस सेकंद देऊन मग थांबतो. कीज जपून ठेवल्या तर नव्या ठिकाणी तो त्याच ओळखीने उभा राहतो, मिळवलेला लौकिक पुष्कळसा टिकून राहतो.

जागा शोधताना मात्र दरवेळी तेच पत्र लिहावं लागतं. माझं खरं नाव, हा एक्झिट असेल, तक्रारी येतील, त्या मी हाताळीन, वेगळा आयपी द्या आणि त्याच्या नोंदीत संपर्क म्हणून माझा ईमेल टाका. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकीने नियमावलीतला उतारा पाठवला. टॉरचे रिले जिथे फारसे नाहीत अशा जाळ्यातल्या एका छोट्या कंपनीच्या माणसाने लिहिलंय, की पहिले तीन महिने फक्त मिडल चालवून दाखवा, मग एक्झिटचं बघू. आणि तक्रारीला उत्तर द्यायला २४ तास फार होतात, आमच्याकडे बाराच मिळतील. मी हो म्हटलंय. पुढच्या आठवड्यात कीज तिकडे नेतो.